गाडीत पिस्तूल ठेवू का, मावशी?

आधी पत्र. थोडं कापलंय, बाकी जसं आलं तसं.

"मावशी, नमस्कार. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, वय 37, आयटीत आहे, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं. दोन मित्रांबरोबर एका गॅस स्टेशनमध्ये पार्टनर आहे, आठवड्यातून तीन रात्री क्लोजिंग माझ्याकडे असतं आणि कॅश घेऊन मीच निघतो. गेल्या महिन्यात एक पिकअप माझ्या मागे मागे पार आमच्या गल्लीपर्यंत आली, मी घराकडे न वळता सरळ पुढे गेलो आणि फायर स्टेशनसमोर जाऊन थांबलो, तेव्हा ती निघून गेली. त्या दिवसापासून झोप उडालीये. मी 9 एमएमचं पिस्तूल घेतलं, रीतसर, दुकानातून, फॉर्म भरून. टेक्ससमध्ये आता लायसन्स लागत नाही म्हणतात, तर मी ते गाडीच्या सेंटर कन्सोलमध्ये ठेवलं तर चालेल ना? गाडी जास्त मीच चालवतो, दुपारी धाकटा भाऊ नेतो, तो इथे एमएस करतोय, आमच्याकडेच राहतो, मुलीला (वय 6) शाळेतून तोच आणतो. डिसेंबरात ड्राइव्ह करून न्यू जर्सीला मामेभावाकडे जायचंय, वाटेत मोटेलात राहावं लागेल म्हणून तेव्हाही बरोबर ठेवावं म्हणतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. — गोंधळलेला गाडीवान"

अरे गाडीवाना, आधी शाबासकी घे. मागे लागलेल्या गाडीला स्वतःचं घर न दाखवता फायर स्टेशन गाठायचं हे भल्याभल्यांना ऐनवेळी सुचत नाही, आणि हे तू पिस्तूल घ्यायच्या आधी केलंस हे लक्षात ठेव, पुढे मी त्यावर परत येणार आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. हो, चालतं. टेक्ससमध्ये स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवायला 2007 पासूनच लायसन्स लागत नाही, आणि 1 सप्टेंबर 2021 पासून तर 21 वर्षांवरच्या, ज्याला कायद्याने बंदी नाही अशा माणसाला अंगावर बाळगायलाही लागत नाही. ग्रीन कार्डवाल्याला बंदी नाही. कन्सोल, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधला कप्पा, बंद आहे, पिस्तूल बाहेरून दिसत नाही, तू दारू प्यायलेला नाहीस, कुठला गुन्हा करत नाहीयेस, तर पोलिसाने थांबवलं तरी नुसतं पिस्तूल गाडीत आहे एवढ्यावर तुझ्यावर काही होत नाही. दिसेल असं ठेवायचं असेल तर होल्स्टरमध्येच पाहिजे. ऑफिसच्या पार्किंगमध्येही 2011 पासून बऱ्याचशा कंपन्या लॉक केलेल्या गाडीतल्या पिस्तुलाला मनाई करू शकत नाहीत. झालं. आता मी इथेच थांबले तर तू खूश होऊन कन्सोलमध्ये ठेवशील आणि पुढच्या आठवड्यात तुझा भाऊ फेडरल गुन्हा करून बसेल, म्हणून पुढचं नीट वाच, चहा घेऊन बस हवं तर.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, तू सहज लिहून गेलायस, "मुलीला शाळेतून तोच आणतो". मी ते तीनदा वाचलं. भाऊ एमएस करतोय म्हणजे एफ-1 वर, विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, असणार. एफ-1 असो, नोकरीवाल्यांचा एच-1बी असो, त्यांच्या जोडीदाराचा एच-4 असो, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा नुसती काडतुसंसुद्धा जवळ बाळगता येत नाहीत, मग टेक्सस राज्य काही का म्हणेना. यात शिकारीच्या लायसन्सचा वगैरे एक अपवाद आहे, तो पोरांना कुठूनतरी कळतो आणि मग सगळे त्याच्यावर निबंध लिहितात, पण तो अपवाद वकिलाशी बोलल्याशिवाय वापरायचा नाही, आणि गॅस स्टेशनच्या कॅशसाठी तर तो नाहीच. शिक्षा 15 वर्षांपर्यंत जाऊ शकते, 2022 च्या कायद्याने ती वाढवली, आधी 10 होती. आणि "जवळ बाळगणं" म्हणजे खिशात असणंच लागतं असं नाही. गाडी त्याच्या ताब्यात आहे, कन्सोल त्याच्या हाताशी आहे, आणि आत काय आहे हे त्याला माहिती आहे, एवढं सरकारी वकिलाला पुरतं.

आता तू म्हणशील मग त्याला सांगतच नाही. कायद्यात माहिती असण्या-नसण्याला महत्त्व आहे हे खरं आहे, 2019 साली सुप्रीम कोर्टाने याच कलमाखालच्या एका केसमध्ये ते मान्य केलं. ती केस ऐक, भावालाही ऐकव. स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, फ्लोरिडात शिकायला, नापास होऊन कॉलेजातून नाव कटलं, म्हणजे व्हिसाचं स्टेटस गेलं, आणि तो एका शूटिंग रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. एवढंच. कोणाला मारलं नाही, धमकावलं नाही. थेट फेडरल केस, शिक्षा, आणि मग वर्षानुवर्षं कोर्ट. सुप्रीम कोर्ट म्हणालं की आपलं स्टेटस गेलंय हे त्याला माहिती होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. कायद्याच्या पुस्तकात त्याचं नाव राहिलं, पण तुझ्या भावाने असं पुस्तकात जावं असं तुझ्या आईला वाटेल का? आणि लपवून कितीसं लपणार, फोनचा चार्जर कन्सोलमध्येच असतो ना तुमचाही. (वीकेंडला मित्रांबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकणारी एच-1बीवरची पोरं मला दर महिन्याला दिसतात, त्यांनीही हे वाचावं. आणि तू स्वतः त्याच्या हातात दिलंस तर तुझ्यावरही वेगळं कलम आहे.)

हे झालं एक. त्याच फेरीत अजून दोन आहेत.

दुसरं, शाळा. शाळेच्या आवारापासून 1000 फुटांच्या आत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. 1990 चा कायदा, 1995 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला, तोही आपल्या सॅन अँटोनिओच्याच एका शाळेच्या केसमध्ये, मग 1996 ला शब्द बदलून परत आला. त्यात सूट कोणाला, तर त्या राज्याचं लायसन्स ज्याच्याकडे आहे त्याला, किंवा पिस्तूल रिकामं करून कुलपाच्या डब्यात ठेवलं असेल तर. स्वतःच्या घराची जागा वगैरे खाजगी जागेलाही सूट आहे, पण रस्ता ही काय खाजगी जागा नव्हे. म्हणजे बघ हं, टेक्सस म्हणतं लायसन्सची गरज नाही, आणि फेडरल कायदा म्हणतो लायसन्स असेल तरच शाळेजवळून भरलेलं पिस्तूल घेऊन जा. 1000 फूट म्हणजे साधारण 300 मीटर, आपल्या सबर्बमध्ये कुठूनही निघालास तरी दोन शाळा वाटेत लागतात. यासाठी कोणाला रोज धरतात असं नाही, मी तरी पाहिलेलं नाही, पण दुसऱ्या कशात धरलं की ही कलमं मागून जोडता येतात.

म्हणून माझं म्हणणं, लायसन्स काढ. लागत नाही तरी काढ. टेक्ससचं एलटीसी, म्हणजे लायसन्स टू कॅरी, चार ते सहा तासांचा क्लास, बोटांचे ठसे, 50 गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा, फी 40 डॉलर. मी 2009 मध्ये काढलं, तेव्हा आम्ही ह्यूस्टनच्या बाहेर एक छोटं मोटेल चालवायचो आणि रात्रीचा काउंटर माझ्याकडे असायचा. तेव्हा क्लास मोठा होता आणि फी पण बरीच जास्त होती, आत्ता तर स्वस्तात सुटतोयस. क्लासमध्ये नेम शिकवतात तो एक भाग, पण कुठल्या पाटीचा अर्थ काय, बारच्या दारावर लाल 51 टक्के लिहिलेलं असेल (म्हणजे आत बंदूक न्यायची नाही) तर काय, पोलिसाने थांबवलं तर काय, हे सगळं कोणीतरी तोंडाने समजावून सांगतो आणि मूर्ख प्रश्न विचारता येतात. मी भरपूर विचारले.

तिसरं, मुलगी. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा सोड. 2016 च्या एप्रिलमध्ये मिलवॉकीत एक आई गाडी चालवत होती, ड्रायव्हरच्या सीटखालून पिस्तूल घसरत मागे गेलं, मागच्या सीटवरच्या दोन वर्षांच्या पोराने ते उचललं आणि सीटमधूनच आईच्या पाठीत गोळी गेली. ती गेली. त्याच्या दीडेक महिना आधी फ्लोरिडात तस्संच झालं, मुलगा चार वर्षांचा, ती आई वाचली, आणि ती तर बंदुकीच्या हक्काबद्दल जाहीरपणे लिहिणारी बाई होती. सीटखाली, दाराच्या कप्प्यात, कन्सोलमध्ये सुटं, पर्समध्ये सुटं, असं काही नाही. तू ड्रायव्हर सीटवर नसताना पिस्तूल गाडीत असेल तर ते पोलादी डब्यात, आणि डबा केबलने सीटच्या लोखंडाला बांधलेला. डबे शंभरेक डॉलरच्या आतबाहेर मिळतात. आकड्यांचं कुलूप घे, बोटाच्या ठशाचं घाम आलेल्या बोटाला ऐनवेळी ओळखत नाही. आणि पिस्तूल चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये.

डबा म्हणजे भक्कम तिजोरी असं समजू नकोस पण, तो पाच मिनिटांच्या चोराला थांबवतो, पाऊण तासाच्या नाही. रात्री गाडी घरासमोर उभी असताना पिस्तूल गाडीत ठेवायचंच नाही, ते तुझ्याबरोबर घरात, घरातल्या कुलपात. गाडीतून चोरीला गेलेल्या बंदुका पुढे काय काय करतात ते वाच कधी. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका फेडरल रेंजरच्या गाडीतून त्याचं सरकारी पिस्तूल चोरीला गेलं आणि चारच दिवसांत धक्क्यावर वडलांबरोबर फिरणाऱ्या एका मुलीला त्यातली गोळी लागली, त्यावरून पुढे अख्ख्या देशाचं राजकारण पेटलं. आणि तो तर ट्रेनिंग घेतलेला माणूस होता. तुझ्या पिस्तुलाचा सिरियल नंबर फोनमध्ये आणि घरी कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेव. आणि त्या बंदूक कंपन्यांचे स्टिकर मागच्या काचेला लावू नकोस रे बाबा, ती चोराला दिलेली जाहिरात आहे.

माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे तुला वाटणार नाही की मावशी नुसती उपदेश करते. लायसन्स मिळून वर्षही झालं नव्हतं, गाडी ऑइल चेंजला टाकली आणि मी नवऱ्याबरोबर जेवायला गेले. सूप येईपर्यंत आठवलं नाही. सूप आलं आणि आठवलं की पिस्तूल कन्सोलमध्येच आहे, भरलेलं, होल्स्टरशिवाय. परत जाईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. काउंटरवरचा पोरगा विशीचा असेल, म्हणाला मॅम, मी कन्सोल बंद करून गाडी बाजूला उभी केलीये, हात लावला नाही, तुम्हीच या. किती लाज वाटली काय सांगू. नवरा आठ दिवस काही बोलला नाही, नंतर एकदा म्हणाला तुझी पर्स गाडीत विसरलीस कधी? नाही ना? तेवढंच. तेव्हापासून व्हॅले पार्किंग, कार वॉश, मेकॅनिक, कुठेही गाडी दुसऱ्याच्या हातात देताना माझा हात आधी तिथे जातो.

आता डिसेंबर. इथे मी सरळ नाही म्हणते. नेऊ नकोस.

तुझा रस्ता मला पाठ आहे, आम्ही केलाय, आय-30 ने लिटल रॉक, तिथून आय-40 ने टेनेसी आडवं कापायचं, मग आय-81 धरून व्हर्जिनिया, जरासं वेस्ट व्हर्जिनिया, 12 मैल मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, आणि आय-78 ने जर्सीत. दीड हजार मैल, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. टेनेसीत टेक्सससारखंच मोकळं. व्हर्जिनिया बाहेरच्यांचं लायसन्स मानतं, ते नसेल तर पिस्तूल बंद कप्प्यात पाहिजे. मेरीलँड दुसऱ्या कोणाचंच लायसन्स मानत नाही, आणि ते 12 मैल तुला कळतही नाहीत कधी आले नि कधी गेले, एक हॅगर्सटाउनची पाटी दिसते फक्त. पेनसिल्व्हेनियात गाडीत भरलेलं पिस्तूल ठेवायला लायसन्स लागतं. आणि न्यू जर्सी.

न्यू जर्सीत बाहेरच्या कुठल्याही राज्याचं लायसन्स चालत नाही. 2022 ला सुप्रीम कोर्टाने न्यू यॉर्कचा जुना नियम उडवला त्यानंतर जर्सीलाही त्यांच्या रहिवाशांना परमिट देणं सोपं करावं लागलं, पण टेक्ससच्या कार्डाला तिथे किंमत शून्य. परमिटशिवाय पिस्तूल सापडलं तर ग्रेव्ह्ज अ‍ॅक्ट म्हणून त्यांचा कायदा आहे, त्यात साधारणपणे कमीत कमी साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय. मॅगझिनमध्ये 10 पेक्षा जास्त गोळ्या मावत असतील तर तो 2018 पासून वेगळा गुन्हा, आणि तुझ्या 9 एमएमबरोबर दुकानाने 15 किंवा 17 चंच दिलं असणार, बघ. होलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या, ज्या इथे सगळे स्वसंरक्षणासाठी म्हणून घेतात, त्या तिथे घर, रेंज वगैरे सोडून जवळ बाळगायच्या नाहीत. 2013 मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई, दोन लहान पोरं, स्वतःच्या राज्याचं रीतसर परमिट, पूल ओलांडून जर्सीत आली आणि लेन बदलताना काहीतरी चुकलं म्हणून पोलिसाने थांबवलं. तिने प्रामाणिकपणे आपण होऊन सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे, हे परमिट. तिथेच अटक. साडेतीन वर्षांची टांगती तलवार घेऊन ती जवळजवळ वर्षभर फिरली, मग सरकारी वकिलाने तुरुंगाऐवजी दुसरा मार्ग दिला, आणि शेवटी 2015 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी माफी दिली. ती अमेरिकन नागरिक होती. तू नाहीस अजून.

हेच मला तुला खरं सांगायचंय, आणि बंदुकीच्या दुकानातला माणूस, रेंजवरचा दोस्त, तुझे ते दोन पार्टनर, हे कोणी सांगणार नाहीत कारण त्यांच्या ते डोक्यातच येत नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांचं स्वतंत्र कलम आहे. बेकायदा बाळगणं, नेणं, विकणं, विकत घेणं, यातल्या कशातही दोषी ठरलास तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढता येतं, तुरुंगवास झाला की नुसता दंड झाला याने फरक पडत नाही. तुझ्या शेजारच्या गोऱ्या बॉबला जी चूक दोन हजार डॉलर दंड आणि एक वाईट वर्ष पडेल तीच तुला घर, गॅस स्टेशनमधला वाटा आणि मुलीची शाळा पडू शकते. आणि असं काही झालंच तर क्रिमिनल वकिलाने "हे मान्य करून टाक, लहानसंच आहे, सुटशील" म्हटलं की तिथे सही करू नकोस. 2010 ची सुप्रीम कोर्टाची एक केस आहे, चाळीसहून जास्त वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेला ट्रक ड्रायव्हर, व्हिएतनामला अमेरिकेकडून लढलेला, त्याच्या वकिलाने सांगितलं इतकी वर्षं झालीत, इमिग्रेशनची काळजी नको, त्याने गुन्हा कबूल केला आणि डिपोर्टेशनची नोटीस दारात. त्याचा गुन्हा बंदुकीचा नव्हता, गांजाचा होता, पण त्याच्यामुळे आता वकिलाला हे आधी सांगणं भाग आहे. तरी इमिग्रेशनचा वकील वेगळा विचारायचाच.

तू म्हणशील फेडरल कायदा प्रवाशांना संरक्षण देतो की. देतो. 1986 चा आहे. पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या म्हटलं तरी चालेल, दोन्ही हाताशी नकोत, ट्रंकमध्ये, आणि ट्रंक वेगळी नसेल (तुझी एसयूव्ही असणार) तर कुलपाच्या डब्यात, ग्लव्ह बॉक्स आणि कन्सोल यात धरत नाहीत. पण मुख्य अट काय, की जिथून निघालास तिथेही आणि जिथे पोचणार तिथेही ते बाळगणं तुला कायदेशीर पाहिजे. तुझा मुक्कामच जर्सीत. म्हणजे हे छत्र तुझ्या डोक्यावर नाहीच. आणि मोटेलचं म्हणशील तर युटाचा एक माणूस 2005 मध्ये विमानाने पेनसिल्व्हेनियाला चालला होता, पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद चेक-इन केलेलं, नेवार्कला कनेक्शन चुकलं, बॅग ताब्यात मिळाली, तो रात्री हॉटेलवर राहिला, सकाळी विमानतळावर जाऊन आपणहून पिस्तूल डिक्लेअर केलं आणि आत गेला. केस पुढे काढून टाकली, पण त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला तो 2010 ला हरला, कोर्ट म्हणालं रात्रभर बॅग तुझ्या हाताशी होती, संरक्षण संपलं. तुला रात्री मोटेलात उशाशी पिस्तूल हवंय, आणि कायदा संरक्षण देतो ते नेमकं उशाशी नसलेल्या पिस्तुलाला. त्यापेक्षा दोन रात्री चांगल्या, आतून कॉरिडॉर असलेल्या हॉटेलचे जास्तीचे पैसे दे. मोटेलवाली सांगतेय, ऐक.

जाता जाता बॅगेवरून आठवलं. रेंजवर जी सॅक नेतोस ती भारतात जाताना वापरू नकोस, कधीच. तळाला, अस्तरात एखादं काडतूस राहतं, इथल्या विमानतळावर दिसत नाही आणि मुंबईला निघताना स्कॅनरमध्ये दिसतं, मग आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा, पासपोर्ट अडकतो, आणि "मला माहितीच नव्हतं" हे कोर्टात पटवेपर्यंत तुझी सुट्टी आणि नोकरी दोन्ही संपतात. पटतं बहुतेक वेळा, पण वेळ जातो रे.

पोलिसाने थांबवलं तर. गाडी बाजूला, आतला दिवा लाव, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि हात तिथेच. एलटीसी असेल आणि त्याने आयडी मागितलं तर टेक्ससमध्ये दोन्ही कार्डं दाखवायची असा नियम आहे, पण दाखवण्यासाठी हात हलवायच्या आधी तोंडाने सांगायचं, शांतपणे, की ऑफिसर, गाडीत हँडगन आहे, अमुक ठिकाणी आहे, माझं पाकीट मागच्या खिशात आहे, काढू का? तो म्हणेल तेवढंच करायचं. इंग्रजी वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघ, हसू नकोस. 2016 मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल नावाच्या माणसाने पोलिसाला सांगितलं होतं की माझ्याकडे बंदूक आहे, त्याच्याकडे परमिट होतं, आणि पुढच्या काही सेकंदांत तो गोळ्या लागून पडला, शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची पोरगी. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. म्हणजे सगळं बरोबर करूनही होऊ शकतं हे मला माहिती आहे, आणि आपल्या रंगाच्या माणसाला हे माहिती असलेलं बरं. म्हणून कागदपत्रं आणि पिस्तूल कधीही एका जागी ठेवू नकोस. इन्शुरन्सचा कागद काढायला ग्लव्ह बॉक्स उघडला आणि आत पिस्तूल, हे चित्र नको.

आणि वापरायची वेळ आली तर? टेक्ससचा कायदा ड्रायव्हरच्या बाजूने आहे यात शंका नाही, कोणी जबरदस्तीने तुझ्या गाडीत घुसत असेल किंवा तुला बाहेर ओढत असेल तर 2007 पासून कायदा तुझी भीती रास्त होती असंच धरून चालतो, पळून जायला हवं होतंस असं म्हणत नाही. पण नुसती मागे येणारी पिकअप म्हणजे हल्ला नाही. कोणी आडवं घातलं, बोट दाखवलं, शिवी दिली, म्हणून पिस्तूल काचेला लावून दाखवलंस तर गुन्हेगार तू आहेस, तो नाही, आणि दाखवलेलं पिस्तूलसुद्धा वर सांगितलेल्या इमिग्रेशनच्या भानगडीत येऊ शकतं. गाडी चालवताना माणूस जरा वेगळाच असतो, मी माझ्या भावाला पाहिलंय, देवभोळा माणूस, हायवेवर तोंडाची गटारगंगा. तुझा स्वभाव हॉर्न वाजवणारा असेल तर प्रामाणिकपणे ठरव. आणि गोळी झाडलीस, अगदी बरोबर झाडलीस, तरी त्या रात्री हातकडी पडू शकते, पिस्तूल पुरावा म्हणून जातं, माणूस मेला तर प्रकरण बहुधा ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, जातं. 911 ला फोन, जखमी कोण, मी कुठे, आणि मग वकील येईपर्यंत गप्प. "टेक्ससमध्ये रात्री चोराला मारलं तर चालतं" हे तुझे पार्टनर म्हणत असतील, त्यांना म्हणावं कॅशच्या पिशवीसाठी ग्रँड ज्युरीपुढे तुम्ही उभे राहा.

त्या पिशवीचंच बोलू. मूळ दुखणं ते आहे, नाही का? तीन रात्री, ठरलेल्या वेळी, एकटा माणूस, त्याच दाराने, पिशवी घेऊन. पिकअपवाल्याला तू नको होतास, पिशवी हवी होती. आम्ही मोटेलवर पहिली चार वर्षं असंच केलं आणि मग एकदा काउंटरवर बंदूक दाखवून नेली कॅश, माझं पिस्तूल तेव्हा खाली ड्रॉवरमध्ये होतं आणि मी ते काढलं नाही, त्याचं आधीच बाहेर होतं. गेले 640 डॉलर. त्यानंतर टाइम-लॉकची ड्रॉप सेफ, म्हणजे फटीतून पैसे आत टाकायची तिजोरी, बसवली, जी आम्हालाही उघडत नसे, दारावर तशी पाटी लावली, आणि आठवड्यातून दोनदा कॅश नेणारे गाडीवाले येऊन नेत. महिन्याचा खर्च बोचायचा. पण रात्री हात हलवत घरी जायचो. तुम्ही तिघं पार्टनर आहात, भागून घ्या. ते होईपर्यंत क्लोजिंगला दोघंजण, वेळ बदलती, रस्ता बदलता, डॅशकॅम पुढे मागे दोन्हीकडे, आणि पिशवी सकाळी उजेडात बँकेत. पिस्तूल याच्यानंतर येतं. ते ठेवूच नकोस असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः ठेवते, त्या तीन रात्री अंगावर, होल्स्टरमध्ये, लायसन्ससह, आणि घरी आलास की तुझ्याबरोबर घरात. दुपारी गाडी भावाच्या हातात जाते तेव्हा गाडीत पिस्तूल नाही, डबा रिकामा, मॅगझिन नाही, एक सुटं काडतूससुद्धा नाही. घरातल्या कुलपाचा आकडा पण भावाला माहिती नसावा, तो राहतो तुमच्याकडेच म्हणून मुद्दाम सांगते.

राहिली बायको. तिला कुठून कळणार आहे याचा विचार केलायस का? भाऊ सांगेल, नाहीतर मुलगी सांगेल, बाबाच्या गाडीत काहीतरी काळं आहे म्हणून. तिचा व्हिसा काय आहे ते तू लिहिलं नाहीस, तुझ्याबरोबर तिचंही ग्रीन कार्ड आलं असेल तर ठीक, अजून स्वतःच्या एच-1बीवर किंवा तसल्याच दुसऱ्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असेल तर भावाला जे लागू ते सगळं तिलाही लागू, घरातल्या कुलपाच्या आकड्यासकट. आज रात्री मुलगी झोपली की सांग, तिला आणि भावाला एकत्र बसवून. चिडेल. त्या पिकअपची गोष्ट पण सांगितली नसशील तर आधी ती सांग, कारण तिला जास्त राग त्याचा येणार आहे. आणि उद्या दुपारी तीनला भाऊ शाळेच्या लाइनीत गाडी लावेल त्याच्या आधी, म्हणजे सकाळीच, कन्सोल उघडून रिकामा कर, आणि चार्जर तेवढा परत ठेव.